नूतनीकरणात शिष्यवृत्ती का अडकते आणि ती कशी टिकवायची

बडोद्यात बारावीनंतर एमवायएसवायचा, म्हणजे गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मराठी मुलं खूप आहेत. पहिल्या वर्षी रक्कम जमा होते आणि घरचे निर्धास्त होतात. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी, शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्यासाठी नूतनीकरणाचा अर्ज करताना लागते. पहिला अर्ज बारावीच्या पर्सेंटाइलवर (८० किंवा जास्त; हे टक्के नव्हेत, इतरांच्या तुलनेतलं स्थान) आणि ६ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नावर मंजूर होतो. नूतनीकरणाला मात्र कॉलेजच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

या ५० टक्क्यांपाशीच बरेच जण फसतात. पास होण्याची मर्यादा त्याहून खाली असते, त्यामुळे गुणपत्रिकेवर ‘पास’ लिहिलेलं असूनही शिष्यवृत्ती जाते. समजा एका सेमिस्टरला ५०० गुण आहेत आणि पहिल्या सेमिस्टरला २३० मिळाले. वर्षाची सरासरी ५० वर आणायची तर दुसऱ्यात २७० हवेत, म्हणजे ५४ टक्के. हा हिशोब पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला त्याच दिवशी करावा. पुढचे चार महिने हातात असतात तोवरच त्याचा उपयोग. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी फक्त एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची ग्रेड सरासरी असेल तर त्याची टक्केवारी स्वतः काढून अर्जात टाकू नका. विद्यापीठाचा रूपांतराचा नियम ऑफिसातून लेखी घ्या.

एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर वर्ष वाया जात नाही, वरच्या वर्गात बसता येतं, पण राहिलेल्या विषयामुळे एकूण टक्केवारी घसरते. रिअसेसमेंट, म्हणजे पेपरची फेरतपासणी टाकली असेल तर सुधारित निकाल नूतनीकरणाची मुदत संपल्यावर हाती येऊ शकतो. म्हणून मुदत जवळ असेल तर आहे त्या गुणपत्रिकेनिशी एमवायएसवायच्या हेल्प सेंटरवर जाऊन काय करता येईल ते आधीच विचारावं.

हजेरीचं गणित सोपं आहे, दुर्लक्ष मात्र तिकडेच होतं. आठवड्याला चार तासांचा विषय पंधरा आठवडे चालला तर ६० तास होतात. त्यातले ४५ भरावे लागतात, १५ बुडले तरी चालतात. पहिल्या ३० पैकी २० च भरले असतील तर उरलेल्या ३० पैकी २५ भरावेच लागतील. आपल्याकडे पहिलं सेमिस्टर गणपती आणि नवरात्र दोन्हींतून जातं. रात्रभर गरबा आणि सकाळी साडेसातचं लेक्चर हे काही जमत नाही, तेव्हा बुडवायचे तास त्या दिवसांसाठी राखून ठेवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकही बुडवू नका. फॅकल्टी हजेरी विषयवार धरते की एकूण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आजारपणाचं प्रमाणपत्र बरं झाल्याबरोबर द्यावं. परीक्षेला बसायची सूट मिळाली म्हणून नूतनीकरणाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आपोआप वाढते असं समजू नका.

रक्कम किती, तेही नीट माहीत असावं. बीई, बीफार्मला ट्यूशन फीच्या निम्मी किंवा ५०,००० रुपये, यांतली कमी असेल ती. बीए, बीकॉम, बीएस्सीला ही मर्यादा १०,००० आहे. स्वतःच्या तालुक्याबाहेर शिकणाऱ्याला सरकारी वसतिगृह मिळालं नसेल तर महिना १,२०० प्रमाणे दहा महिने वेगळे मिळतात.

दुसरा पर्याय केंद्राचा. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर योजना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० देते. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख, बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं. नूतनीकरणाच्या अटी याच, ५० टक्के आणि ७५ टक्के. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. दोन्ही अर्ज ठोकून देऊ नका, आधी फी किती आहे ते पाहून एक निवडा. माझ्या मते फी जास्त असलेल्या कोर्सला एमवायएसवाय, आणि विद्यापीठाच्या कमी फीच्या बीए, बीएस्सीला केंद्राची योजना फायद्याची.

आता कागद. मराठी घरांत नावाचा घोळ हमखास असतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडील एका कागदावर सुरेश, दुसऱ्यावर सुरेशभाई. पाटील कुठे एका आयने तर कुठे दोन ईंनी लिहिलेलं. नावांचा क्रम सहसा चालून जातो, स्पेलिंगमधला फरक पडताळणीत अडतो. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ते काम मे महिन्यातच उरकावं. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीतल्या जनसेवा केंद्रातून घ्या आणि मागच्या वर्षीचा असेल तर त्याची मुदत तपासा.

जातीच्या आधारावरची पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरची शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे ते राज्य देतं, कॉलेज कुठेही असो. कुटुंब जळगाव-धुळ्याकडून आलेलं असेल आणि जातीचा दाखला महाराष्ट्राचा असेल, तर अर्ज कोणत्या राज्यात करायचा हे समाजकल्याण कार्यालयातून आधी पक्कं करा.

पैसे मंजूर होऊनही खात्यात आले नाहीत तर आधी बँक सीडिंग, म्हणजे आधार आणि खात्याची जोडणी पाहा. आधार खात्याला नुसतं जोडलेलं असणं पुरत नाही, सरकारी रकमेसाठी ते एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे मॅप झालेलं (नोंदलेलं) लागतं. आणि रक्कम शेवटच्या मॅप केलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारच्या वेबसाइटवर सीडिंगची स्थिती दिसते. खातं वापरात नसल्यानं बंद पडलं असेल तर बँकेत जाऊन केवायसी करून सुरू करून घ्या.

‘सबमिट’ झालं की काम संपलं असं धरू नका. केंद्राच्या पोर्टलवर अर्ज आधी कॉलेज तपासतं, मग वरचा अधिकारी. त्रुटी असली तर तो ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत येतो आणि दुरुस्तीची मुदत ठरलेली असते. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहा, आणि अर्ज कॉलेजच्या पातळीवरच थांबलेला दिसला तर मूळ कागद आणि अर्जाची प्रत घेऊन कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला भेटा.