इमॅटिनिब घेताना या चुका टाळा

सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं. निरोगी पेशीत एबीएल हे प्रथिन वाढीच्या बटणासारखं गरजेपुरतं चालू होतं. बीसीआर-एबीएल मात्र कायम चालू राहतं आणि पेशीला वाढत राहण्याचा निरोप देत बसतं. २००१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅटिनिब हे औषध या प्रथिनात एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) जिथे बसतो त्या खाचेत शिरतं आणि निरोप थांबतो. पण बटण तुटत नाही, नुसतं दाबून धरलं जातं. निम्मं औषध साधारण १८ तासांत रक्तातून जातं, म्हणून गोळी रोजच हवी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आला की गोळी सोडणं. पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत ताळ्यावर येतात, आजार मात्र हाडांतल्या मज्जेत शिल्लक असतो. तो बीसीआर-एबीएलच्या पीसीआरमध्येच (जनुकाच्या अगदी थोड्या खुणाही मोजणाऱ्या रक्ततपासणीतच) दिसतो. ही तपासणी दर ३ महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि रिपोर्ट ‘इंटरनॅशनल स्केल’वर (सगळ्या लॅबचे आकडे तुलना करता यावेत म्हणून ठरवलेल्या मापावर) आहे का ते बघा. आकडा ३ महिन्यांना १०, ६ महिन्यांना १ आणि वर्षाला ०.१ टक्क्यापर्यंत उतरायला हवा.

अनशापोटी घेतल्यास मळमळ होते. नेहमीचा ४०० मिलिग्रॅमचा डोस भरपेट जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाणी पिऊन घ्या. गोळी गिळवत नसेल तर २०० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन डोस घेऊ नका.

आपल्याकडे टीबी पुष्कळ, म्हणून हे नक्की सांगायला हवं: टीबीवरचं रिफॅम्पिसिन यकृताला इमॅटिनिब झपाट्याने मोडायला लावतं आणि रक्तातलं प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटतं. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावं सांगा.

पीसीआरचा आकडा चढला तर आधी चुकलेल्या गोळ्या प्रामाणिकपणे मोजा. एकही चुकली नसेल तर म्युटेशनची (बीसीआर-एबीएलच्या जनुकात झालेल्या बदलाची) तपासणी करून घ्या. टी३१५आय नावाच्या बदलात खाचेतल्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी आयसोल्युसिन हे दुसरं येतं आणि इमॅटिनिबला धरायला जागा उरत नाही. तिथे डोस वाढवून काहीच साधत नाही. पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिब या दुसऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागतं.