हातमाग दिनाचं प्रदर्शन: आधी माग, मग मांडव

राष्ट्रीय हातमाग दिन ७ ऑगस्टला येतो, म्हणजे ऐन पावसात. १९०५ साली याच तारखेला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून हा दिवस पाळतात. तारीख बदलणं काही आपल्या हातात नाही, तेव्हा तयारीच पावसाच्या बेतानं करायची. विणकरांच्या छोट्या मंडळानं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं की पहिली बैठक बॅनर, उद्घाटनाचे पाहुणे आणि चहा-वड्यात जाते. जाऊ द्या. फक्त उठायच्या आधी चालत्या मागाची जबाबदारी कुणाची, हे वहीत लिहून घ्या. कापड लोकांना दुकानातही बघायला मिळतं. आपल्याकडे ते माग चालताना बघायला येतात, आणि माग काही आदल्या रात्री उभा राहत नाही.

सूत जुलै लागताच आणून ठेवा. प्रदर्शन बघायला येणाऱ्या पाहुण्यांना बसवायच्या मागावर २/२० चं, म्हणजे २० नंबरच्या सुताचे दोन पदर एकत्र पिळलेलं, दुपदरी सुती सूत लावावं. त्याहून बारीक २/४० सुरेख दिसतं, पण नवख्या हातात तुटतं, आणि मग आपला अख्खा दिवस गाठी मारण्यात जातो. हिशेब असा: पन्ना २० इंच, इंचाला २४ धागे, म्हणजे ४८० धागे. ताणा (मागावरचे उभे धागे) ५ मीटर धरला तर सूत लागलं २४०० मीटर. या सुताच्या एका किलोत साधारण १६,९०० मीटर भरतं, त्यामुळे ताण्याला दीडशे ग्रॅम पुरे. बाण्यालाही (आडव्या धाग्यालाही) तेवढंच धरा, वर शंभर ग्रॅम हाताशी असू द्या. टेबलावरच्या मागावर ताण्याचा शेवटचा अर्धा-पाऊण मीटर विणता येत नाही, तो आधीच वजा करा. ताणा पांढरा किंवा फिका, बाणा गडद. रंगसंगती म्हणून कुणी नाकं मुरडतील, पण एक धागा वर आणि एक खाली हे तीन हातांवरून दिसतं ते यामुळेच. गडद लडी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटत असेल तर ती लडी बाजूला, कारण पावसाळ्यात लोक ओल्या हातांनीच येणार.

वया म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणारे फासे. त्या भरायला, म्हणजे प्रत्येकीतून धागा ओवायला, दोन माणसं आणि दोन निवांत संध्याकाळी लागतात. एकानं धागा पुढे करायचा, दुसऱ्यानं आकड्यानं ओढून घ्यायचा, आणि गप्पा नंतर. मग धागे फणीतून, म्हणजे बाणा ठोकून बसवणाऱ्या कंगव्यासारख्या पट्टीतून, ओवायचे. इंचाला १२ घरांची फणी असेल तर घरात दोन धागे. सगळं भरून झालं की चार बोटं कापड विणूनच थांबा. चुकलेला धागा वईत दिसत नाही, कापडात लगेच दिसतो: दोन धागे जोडीनं चालतात किंवा फणीचं एखादं घर रिकामं राहून उभी फट पडते. ही फट सभागृहात सापडली तर अर्धा ताणा उपसावा लागतो.

दमट हवेचे दोन त्रास आहेत. खळ दिलेला ताणा चिकटतो, धागे एकमेकांना धरून ठेवतात आणि बाणा वाहून नेणारा धोटा जायला वाट नीट उघडत नाही. म्हणून प्रदर्शनाच्या मागावर बिनखळीचं दुपदरी सूतच बरं. दुसरं म्हणजे लाकूड फुगतं. आठवडाभर आधी माग चालवून बघा, जिथे अडकतो तिथे मेणबत्ती घासा. टेम्पोत चढवताना ताणा थोडा सैल सोडा, फुलीच्या काठ्या (ताण्याचे धागे एकाआड एक वर-खाली ठेवून क्रम राखणाऱ्या) दोन्ही टोकांना दोरीनं बांधा, फणीची चौकट पक्की बांधून टाका. फुली निसटली तर धाग्यांचा क्रम गेला, आणि ४८० धागे पुन्हा लावायला कुणाकडे वेळ नसतो. प्लास्टिक प्रवासापुरतंच, पोचताच काढायचं.

येवल्याहून पैठणीचा कारागीर बोलवायचा असेल तर त्यांचं बोलणं सर्वांत आधी करा. खड्ड्यातला माग उचलून आणता येत नाही, त्यामुळे ते काय आणू शकतात, बसायला काय लागतं, उजेड कुठून हवा, हे त्यांनाच विचारा. प्रवासखर्च देऊन हात झटकू नका. आपल्याकडचे दोन दिवस म्हणजे त्यांच्या मागावर न विणलेले दोन दिवस, त्याची मजुरी वेगळी द्यायची. ‘प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य बैठकीत कुणी उच्चारलं तर तिथेच अडवा.

त्यांच्या शेजारी पैठणीचा पदर उलटा मांडावा, अगदी मुद्दाम. हातमागाच्या पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाची कांडी (बाण्याचं सूत गुंडाळलेली छोटी नळी) वेगळी असते, तो रंग आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. त्यामुळे मोर मागूनही मोरच दिसतो. यंत्रावरच्या नक्कलेत पाठीला सुटे किंवा कातरलेले धागे असतात. ही दोन कापडं बोटांना चाचपू दिलीत की भाषणाची गरज उरत नाही. जरीवर अत्तर उडू देऊ नका, ती काळवंडते. येताना-जाताना मलमलीत गुंडाळा, डांबरगोळ्या लांब.

विक्रीच्या चिठ्ठ्यांवर सूत, पन्ना, लांबी, धुण्याची रीत आणि किंमत लिहा. विणणाऱ्याचं नाव असतंच, कांड्या भरणारीचंही घाला. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या ३५ लाखांवर हातमाग कामगारांत ७२ टक्के स्त्रिया निघाल्या, आणि मागाआधीच्या कामाचं मोल चिठ्ठीवर क्वचितच येतं. सुटे पैसे, क्यूआर कोड, पावतीपुस्तक यांची यादी प्रत्येक मंडळाकडे असतेच.

मुलांना पुठ्ठ्याचे माग द्या आणि जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या. मोठ्यांना मागावर बसवाल तेव्हा शेजारी आपला एक माणूस हवाच. नवखा माणूस बाणा ताणून खेचतो, कापड मधेच कंबर आवळल्यासारखं अरुंद होतं आणि कडेचे धागे फणीला घासून तुटतात. त्याला एवढंच सांगा: धागा सरळ नको, कमानीसारखा सैल सोडा आणि मग फणी ओढा. कडेचा धागा तुटलाच तर जादा धागा त्याच वईतून आणि फणीच्या त्याच घरातून ओवून, कापडात टाचणी खोचून तिला गुंडाळायचा. टाचण्या, ओवायचा आकडा आणि त्याच सुताची छोटी गुंडी मागाला पिशवीत टांगून ठेवा. हे शोधायला कुणी उठलं की रांग पांगते.

पाहुण्यांनी विणलेली पट्टी कुणाची, हेही आधी ठरवा. दर काही बोटांवर विणणाऱ्यानं नाव लिहिलेली कागदी चिठ्ठी टाचायची आणि अख्खी पट्टी मंडळाच्या खोलीत लावायची, हे मला बरं वाटतं. तुकडे कापून वाटले तर धागे उसवतात आणि घरी जाऊन कचऱ्यात पडतात. उरलेला ताणा पुढच्या वर्गाला चालतो. माग परत आणल्यावर पोलादी फणी कोरड्या फडक्यानं पुसा, मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि ते तेल पुन्हा पुसून घ्या. फणी गंजली की पुढचा पांढरा ताणा तपकिरी रेघा घेऊनच बाहेर येतो.