पॉवर क्वेरीत 'ग्रुप बाय': आधी साफसफाई, मग बेरीज

पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमधल्या डेटा साफ करून मांडण्याच्या साधनात, 'ग्रुप बाय'चं बटण दाबलं की विभागवार बेरीज क्षणात समोर येते. ती चुकते तेव्हा कारण बहुतेक वेळा आधीच्या पायऱ्यांत असतं, आणि चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच नीटनेटका दिसतो. म्हणून जास्त वेळ द्यायचा तो ग्रुपिंगच्या आधी.

समजा तक्त्यात विभाग, तारीख, वस्तू, नग आणि रक्कम असे पाच कॉलम आहेत. एक्सेल 2016 किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत तक्त्यावर क्लिक करून कंट्रोल-टी दाबा, मग 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेबल/रेंज' निवडा. एडिटर उघडताच उजवीकडच्या 'अप्लाइड स्टेप्स'मध्ये 'चेंज्ड टाइप' ही पायरी (कॉलममध्ये तारीख, संख्या की मजकूर हे ठरवणारी) आपोआप आलेली दिसेल. तारखा मजकूर म्हणून आल्या असतील तर ही पायरी आधी काढून टाका. '03/04/2024' ही 3 एप्रिल की 4 मार्च, हे पॉवर क्वेरी फाइलच्या लोकॅल (देश-भाषेनुसार लिहिण्याची पद्धत) सेटिंगवरून ठरवते. तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक करून 'चेंज टाइप'मधलं 'यूझिंग लोकॅल' निवडा आणि डेटा ज्या पद्धतीने लिहिला आहे ती पद्धत सांगा. उरलेल्या कॉलमचे टाइप हाताने ठरवा.

आता ज्यावर ग्रुप करायचं तो विभागाचा कॉलम. त्याच्या फिल्टरचा बाण उघडून नावं एकेक वाचा. इथेच सगळ्यात जास्त घोळ सापडतो. 'भांडार' आणि शेवटी स्पेस असलेलं 'भांडार' हे दोन वेगळे ग्रुप होतात. 'फॉरमॅट'मधला 'ट्रिम' हे दुरुस्त करतो, पण तो फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्पेस काढतो. एक्सेलच्या ट्रिमसारख्या शब्दांमधल्या जादा स्पेस काढत नाही. इंग्रजी नावं असतील तर लहान-मोठी लिपीही वेगळी धरली जाते.

मराठी डेटात आणखी एक सापळा आहे. 'ॲडमिन' मधला 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो: युनिकोडमधलं 0972 क्रमांकाचं एकच अक्षर, किंवा 'अ' (0905) वर वेगळा चंद्र (0945). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पॉवर क्वेरीला नाहीत. फिल्टरच्या यादीत एकच नाव दोनदा दिसलं तर आधी हाच संशय घ्या. एका ओळीतलं अक्षर कॉपी करून 'रिप्लेस व्हॅल्यूज'ने सगळीकडे एकच रूप करून टाका.

विभागाचं नाव फक्त पहिल्या ओळीत असेल आणि खाली रिकामं, तर 'फिल डाउन' वापरा. तो फक्त 'नल' (null, म्हणजे काहीच नोंद नसलेले) सेल भरतो. सेल नुसताच कोरा दिसत असेल तर त्यात रिकामा मजकूर असू शकतो. अशा वेळी 'रिप्लेस व्हॅल्यूज'मध्ये वरचा चौकोन कोरा ठेवा, खालच्यात 'नल' हा शब्द इंग्रजीत, लहान लिपीत लिहा आणि मग 'फिल डाउन' करा. मूळ तक्त्यात 'एकूण' च्या ओळी असतील तर त्याही आताच फिल्टरने काढा, नाहीतर बेरीज दुप्पट होते.

महिने आडवे पसरलेले असतील तर वस्तूचा कॉलम निवडून 'अनपिव्हट अदर कॉलम्स' करा, म्हणजे प्रत्येक महिना वेगळ्या ओळीत येईल. 40 वस्तू आणि 12 महिने असतील तर 480 ओळी यायला हव्यात. 450 च आल्या तर घाबरू नका: अनपिव्हट 'नल' सेल गाळतो. नोंद नाही म्हणजे शून्य असाच अर्थ असेल तर आधी 'नल' च्या जागी 0 भरा. मात्र याने सरासरी बदलते, कारण सरासरी काढताना 'नल' मोजला जात नाही, 0 मोजला जातो.

मग 'ट्रान्सफॉर्म'मधलं 'ग्रुप बाय' उघडून 'ॲडव्हान्स्ड' निवडा. ग्रुपसाठी विभाग, नवा कॉलम 'एकूण रक्कम', क्रिया 'सम', कॉलम रक्कम. 'ॲड ॲग्रिगेशन'ने 'तपशील' नावाचा दुसरा कॉलम जोडा, क्रिया 'ऑल रोज'. बरेच जण हा पर्याय वापरत नाहीत, पण खरी ताकद त्यातच आहे. विभागाची बेरीजही मिळते आणि मूळ ओळीही हाताशी राहतात. 'तपशील'च्या शीर्षकातल्या दुहेरी बाणावर क्लिक करा, विभागावरची आणि तळाशी असलेल्या प्रीफिक्सच्या पर्यायावरची खूण काढा आणि ओके करा. आता प्रत्येक ओळीसमोर तिच्या विभागाची बेरीज आहे. 'कस्टम कॉलम'मध्ये रक्कम भागिले एकूण रक्कम केलं की वाटा मिळतो.

वस्तूची शेवटची नोंद हवी असेल तरी हीच युक्ती चालते. वस्तूवर ग्रुप करा, तारखेचं 'मॅक्स' घ्या, 'ऑल रोज' जोडा, ओळी उघडा आणि दोन्ही तारखा सारख्या असतील त्याच ओळी ठेवा. सॉर्ट करून 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' करणं सोपं वाटतं, पण सॉर्टचा क्रम पुढच्या पायरीत टिकेलच याची खात्री नसते.

ग्रुप केलेल्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नका. एका विभागात 2 नोंदींची सरासरी 50 आणि दुसऱ्यात 8 नोंदींची 100 असेल, तर सरासऱ्यांची सरासरी 75 येते, पण खरी सरासरी 90 आहे. बेरीज आणि 'काउंट रोज' दोन्ही घ्या, भागाकार शेवटी करा.

एखाद्या ग्रुपच्या बेरजेत 'एरर' दिसला तर त्या ग्रुपमधल्या एखाद्या सेलमध्ये आकड्याऐवजी मजकूर आहे. ग्रुपच्या आधीच्या पायरीवर परत जा, रक्कम निवडून 'कीप एरर्स' करा, दोषी ओळी पाहा आणि ती तात्पुरती पायरी काढून टाका. 'कॉलम क्वालिटी'वर (कॉलममधले बरोबर, चुकीचे आणि रिकामे सेल किती टक्के ते दाखवणारी सोय) विसंबत असाल तर खालच्या पट्टीत 'पहिल्या 1000 ओळी' ऐवजी पूर्ण डेटा निवडलाय ना ते बघा. लोड करण्याआधी ग्रुपच्या आधीची एकूण रक्कम 'स्टॅटिस्टिक्स'मधल्या 'सम'ने काढून टिपून ठेवा, ती पायरी काढा आणि ग्रुपनंतरच्या विभागवार बेरजांशी ताळा जुळवा.