भूमिगत कोळसा खाण बंद करताय? आराखड्यातल्या या चुका टाळा

कोळसा चंद्रपूर, वणी, उमरेडला; फाइल मात्र नवी मुंबई-ठाण्याकडे, बेलापूर, महापे नाहीतर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या सल्लागार कंपनीत. बंद खाणीचा आराखडा लिहिणाऱ्यांनी कधी कधी ती खाण पाहिलेलीही नसते. असे मसुदे तपासायला आले की त्याच त्या चुका समोर येतात.

पहिली चूक म्हणजे भूमिगत खाण आहे, तेव्हा काम थोडं असं धरून चालणं. हा समज थोडा पैशांतूनही आलाय. कोळसा मंत्रालयाच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत खाणबंदीसाठी राखून ठेवायची रक्कम उघड्या खाणीला हेक्टरी 6 लाख होती, भूमिगतला 1 लाख. वर शेत दिसतं, बाभळी दिसतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. खाली मात्र छत पेलायला सोडलेले कोळशाचे खांब आणि त्यांच्यामधली पोकळी तशीच असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला 2022 मध्ये राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं, ते उगाच नाही. त्यातून खाण 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीची असेल, तर जुन्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. निवृत्त सर्व्हेअर आणि ओव्हरमन (खाणीतले देखरेख करणारे) यांना गाठा. नकाशात नसलेली गॅलरी, म्हणजे कोळसा काढून झालेला बोगदा, त्यांना ठाऊक असते. पावसाळा संपताच भेगा बघत जमीन पायी फिरा. खाली कमी खोलीवरच कोळसा काढलेला असेल, तिथे खड्डे खणायला जेसीबी नेणं तर साफ टाळा.

खाणीचं तोंड बुजवण्याआधी

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. उताराचा इन्क्लाइन असो की उभा शाफ्ट, उघडा ठेवला तर माणसं-गुरं पडणार. म्हणून आराखड्यात एक ओळ ठरलेली असते: ‘तोंड काँक्रीटची भिंत बांधून कायमचं बंद करावं.’ पण खाणीत हवा खेळवणारा पंखा थांबून काही वर्षं गेली की आत वटवाघळांनी बस्तान मांडलेलं असू शकतं. बाहेर मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, आत मात्र अंधार, ओल आणि बारमाही जवळपास सारखंच तापमान. भिंत घातली की अख्खी वसाहत आत कोंडून मरते.

दुपारी जाऊन ‘वन्यजीव आढळले नाहीत’ असं लिहिणं म्हणजे पाहणी नव्हे. सूर्यास्ताआधी अर्धा तास तोंडापासून बाजूला बसा आणि मावळतीच्या उजेडावर बाहेर पडणारी वटवाघळं मोजा; परत आत शिरणारी वजा करा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत मोजा. तोंडाशी काळपट लेंड्या पडल्या असतील तर काडीनं दाबून बघा: उंदराची सुकलेली लेंडी टणक लागते, कीटकभक्षी वटवाघळाची भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात.

आत मात्र पाऊल टाकायचं नाही. आभाळ भरून हवेचा दाब उतरला की जुनी खाण आतली हवा बाहेर सोडते. त्या हवेत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त, कधी मिथेनही असतो. तोंडाशी उभं राहतानाही गॅस डिटेक्टर हवाच.

वसाहत असेल तर भिंतीऐवजी आडव्या गजांचं दार लावता येतं. अमेरिकेत दोन गजांमध्ये पावणेसहा इंच अंतर ठेवतात. उभ्या गजांतून वटवाघळांना उडणं जड जातं. मात्र आत मिथेन असेल किंवा उरलेला कोळसा आपोआप तापत असेल, तर आत जाणारी हवा बंद करावीच लागते. अशा वेळी आधी बाहेर पडता येईल पण परत शिरता येणार नाही अशी जाळी लावायची, तीही पिल्लं उडायला लागल्यावरच. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. कायद्यानं प्रत्येक खाणीला किमान दोन वाटा असतात. एक बुजवली की दुसरीतलं हवेचं वाहणं बदलतं आणि वटवाघळं तीही सोडू शकतात. म्हणून खाण सुरक्षा महासंचालनालय आणि वन विभाग यांना एकाच वेळी सामील करून घ्या. एकाची मंजुरी हातात आल्यावर दुसऱ्याला पत्र धाडलं, तर गाडी हमखास अडते.

झाडांची उसनी यादी

वणीच्या आराखड्यात कोकम आणि किंजळ ही कोकणातली झाडं वाचली की लिहिणारा कुठल्या स्टेशनवर उतरतो ते कळतं! वऱ्हाडच्या काळ्या मातीत पळस, मोह, तेंदू, बेहडा, बोर यांचा विचार करा, आणि गवताचाही. सरसकट दाट लावू नका. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात वस्तीलगतच्या झुडपांच्या आडोशानं वाघ-बिबटे पार घरांपर्यंत आले. कॉलनीच्या कडेला मोकळा पट्टा आणि दाट झाडी जंगलाच्या अंगाला, हे नकाशावरच ठरवून टाका.

पंप थांबल्यावर

चालू खाण रोज पाणी उपसते आणि त्यावर ओढे, तळी, पाखरं, गुरं जगतात. पंप थांबला की ते पाणी बंद. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी अडल्यावर तलाव आटला आणि फ्लेमिंगो तिथून गेले, ते आपण पाहिलंच आहे. खाणीच्या भागात नेमकं कोणतं तळं उपशावर भरतं ते आधी शोधा आणि त्याला उन्हाळ्यात पाणी कुठून मिळणार ते लिहा. पुढे खाण आतून भरत जाते आणि काही वर्षांनी पाणी भलत्याच सखल जागी फुटू शकतं. तेव्हा निरीक्षण विहिरींतली पातळी दर महिन्याला कोणत्या पदावरचा माणूस मोजणार आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हे आराखड्यातच नमूद करा.