जुनी पिकअप ठेवायची की विकायची? आधी चासीखाली झोपा

जुन्या पिकअपचा विषय निघाला की कोकणात पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. धूर किती मारते, घाट चढते का, ऑइल खाते का. मला या प्रश्नांचा आता कंटाळा आला आहे. इंजिन खोलता येते, बोअर करता येते, रिंग-पिस्टन नवे टाकता येतात. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, खाऱ्या हवेने खाल्ली की गाडी संपली. देवगड ते वेंगुर्ले या पट्ट्यात मी गेली पंचवीसेक वर्षे जुन्या गाड्या घेतो, पुन्हा चालत्या करतो, काही ठेवतो, काही विकतो. यात मी ज्या क्रमाने जातो तोच इथे सांगतो.

कागद

आरसी, म्हणजे नोंदणीचे पुस्तक, हातात घ्या आणि चार गोष्टी बघा: पहिल्या नोंदणीची तारीख, खाजगी नोंद की मालवाहतूक, जुन्या कर्जाचा बोजा उतरवलेला आहे का, आणि इंजिन-चासीचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का. खाजगी गाडीचे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओत तपासणी आणि नूतनीकरण, करावे लागते. मालवाहतुकीच्या गाडीचे ८ वर्षांनंतर दरवर्षी. १ एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरच्या खाजगी चारचाकीची नूतनीकरण फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढवली. शिवाय पर्यावरण कर. हा खर्च आधी वहीत मांडा.

इंजिन

सकाळी थंड असताना स्टार्ट करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे नोझल-पंप किंवा एअर फिल्टर बघायचा, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर इंजिनाचे हेड खोलायची तयारी ठेवायची. एवढे पुरे. पुढे चला.

चासी

इथे घाई करू नका. इथे मी एकदा फार वाईट चुकलो आहे.

माझी पहिली पिकअप १९८६ची डिझेल. हिवाळाभर इंजिनावर खर्च केला: बोअर, पंप, क्लच, सगळे. आमचे मिस्त्री तेव्हा म्हणाले होते, "इंजान मागसून बघ रे, आधी हाडां बघ." मी खालून टॉर्च मारला, गंज लागू नये म्हणून मारतात ते काळे कुळकुळीत डांबर दिसले, आणि समाधान मानले. मे महिन्यात चाळीस पेट्या आंबा भरून करूळ घाट चढत होतो, शेजारी काका बसलेले. वळणावर मागून मोठा आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगावर बसली. खाली उतरून पाहिले तर पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) हँगर, म्हणजे पाटा चासीला धरून ठेवणारा भाग, जागेवरून निघाला होता. त्याचे रिव्हेट अजून घट्टच होते. रिव्हेटांभोवतीचा चासीचा पत्रा मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा फाटून हँगरबरोबर आला होता. डांबर तेवढे वरून शाबूत. त्या वळणावर दरीच्या बाजूला भिंत होती म्हणून आज हे लिहितो आहे.

म्हणून डांबर मारलेली चासी दिसली की मी ती खराबच धरतो, उलटे सिद्ध होईपर्यंत. गंजावर मारलेले डांबर ओल आत कोंडून ठेवते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. मे महिन्यात घाईने डांबर मारून घेणे हा आपल्याकडचा नेम आहे, आणि त्याने जितक्या गाड्या मेल्या तितक्या समुद्राने मारल्या नसतील.

तपासणी दसरा-दिवाळीच्या सुमारास करा. पावसाने चिखल धुतलेला असतो, पत्रा सुकलेला असतो आणि ताजा गंज केशरी रंगाने स्वतःच दिसतो. गाडी सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर घ्या. खड्डा नसेल तर लोखंडी स्टँडवर किंवा जाड लाकडी ओंडक्यांवर. फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, आणि जांभ्याचा चिरा टेकू म्हणून कधीही लावू नका. चिरा भिंतीत चांगला, पण एका बिंदूवर वजन आले की तो न सांगता फुटतो. घराघरांत चिरे पडलेले असतात म्हणून लोक सर्रास लावतात. हात जोडून सांगतो, लावू नका.

आता लहान हातोडी आणि दाभण घ्या. चासीच्या दोन्ही लांब रेलवर वीतभर अंतराने ठोकत जा. शाबूत लोखंड टणटणीत वाजते. खाल्लेले लोखंड भद्द आवाज करते, आणि दोन-तीन ठोक्यांत पापुद्रे गळू लागतात. आवाज बदलला तिथे दाभण दाबा. आत गेले तर तिथे खडूने फुली मारा. रेल बंद पेटीची असेल तर तिच्या भोकातून सायकलचा स्पोक टोकाला वाकवून आत घाला आणि ओढा. बाहेर नुसती भुकटी आली तर ठीक, नखाएवढे खपले आले तर आतून पत्रा सुटतो आहे.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या भागाला द्या. गाडी बंदरावर मासळीला चालली असेल तर बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या मागच्या कोपऱ्यांतून थेट शेवटच्या क्रॉसवर (दोन्ही रेल जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर) आणि पाट्यांच्या हँगरवर गळलेले असते. चिरे वाहणाऱ्या गाडीत हँगरजवळ तडे शोधा. तडा केसाएवढा असतो, डिझेलचा बोळा फिरवून पुसला की काळी रेघ उरते.

फुल्या मोजून निर्णय घ्या. माझा नियम पक्का आहे. फुल्या मागच्या एक्सलच्या मागे असतील तर दुरुस्ती करा आणि गाडी ठेवा. शेवटचा क्रॉस आणि हँगर नवे बसतात. फुली स्टेअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ किंवा गिअरबॉक्सच्या क्रॉसपासून मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरपर्यंतच्या भागात असेल, तर ठेवू नका, काढून टाका. गाडीचे सगळे वजन तिथे वाकते. तिथे पट्टी मारून देणारा मिस्त्री तुम्हाला भेटेल, पण त्या गाडीत घरच्या माणसांना बसवू नका.

वेल्डिंग करायचेच ठरले तर दोन गोष्टी ऐकवा. पट्टी चौकोनी नको, दोन्ही टोकांना निमुळती हवी. रेलवर सरळ उभा वेल्ड मारला की पुढचा तडा त्याच रेघेवर जातो. आणि काम सुरू होण्याआधी बॅटरीच्या वायरी काढा.

चासी नंबरची जागा वेगळी बघा. डिझेल आणि पितळी ब्रशने हळू साफ करा, ग्राइंडर लावू नका, नंतर ग्रीस फासून ठेवा. आकडे गंजाने गेले असतील तर ते स्वतः पंचाने पुन्हा ठोकून घेऊ नका. आरटीओच्या परवानगीशिवाय केलेला पंच म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय, आणि तो निस्तरायला वर्ष जाते.

ठेवायची असेल तर काय बदलायचे

आधी ब्रेक. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना चारी ड्रम तापले की पॅडल खाली जाते, हे ज्याने अनुभवले त्याला समजावावे लागत नाही. लायनर, सिलिंडर, पाइप, बूस्टर नवे. मग वायरिंग, कारण खाऱ्या हवेत प्रत्येक जोड हिरवा पडतो. मग टायर. रंग सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवायचा सल्ला मात्र मानू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि परवानगीशिवाय बदललेले इंजिन पासिंगला अडकते. दुसरे कारण किमतीचे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, चासी-बॉडी-इंजिन मूळ असलेली खाजगी वापराची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. ती गाडी मग रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठी रस्त्यावर येते. मालवाहतुकीची नोंद असलेली पिकअप यात बसत नाही. पण आजोबांची सत्तरच्या दशकातली खाजगी नोंदीची गाडी दारात असेल, तर तिचे मूळ इंजिनच दुरुस्त करा. बदललेत तर शौकीन गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल.

विकायची असेल तर

माघ-फाल्गुनात विका. आंब्याची वाहतूक सुरू व्हायच्या तोंडावर चालत्या पिकअपला जो भाव येतो तो पावसाळ्याच्या तोंडावर येत नाही. खडूच्या फुल्या पुसू नका, गिऱ्हाइकाला खाली झोपवून दाखवा. मी दाखवतो. दोन गिऱ्हाइके जातात, तिसरा त्याच भरवशावर घेतो. चासी मधोमध गेली असेल तर गाडी चालवायला विकूच नका. सुट्या भागांसाठी किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या, आणि आरसी रद्द झाल्याचा कागद घ्या.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून कोणालाही देऊ नका, ओळखीच्या एजंटालाही नाही. गाडी तुमच्या नावावर आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्याच दारात येते. गाडी दिल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवा, विमा कंपनीला पत्र द्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती ठेवा. नव्या आरसीवर त्याचे नाव आलेले डोळ्यांनी बघेपर्यंत ही फाइल कपाटातून हलवू नका.