ओपन रेल्समध्ये गाडीचा देखणा स्क्रीनशॉट कसा काढावा

ओपन रेल्स या आगगाडी चालवण्याच्या संगणकावरच्या खेळात काढलेले बहुतेक स्क्रीनशॉट फसतात ते कॅमेरा हवेत तरंगत असल्यामुळे. शंभरेक मीटर उंचीवरून खाली पाहिलं की मॉडेल कितीही बारकाईनं केलेलं असो, गाडी खेळण्यातलीच दिसते. म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून टाका: रेल्वेचे फोटो काढणारा माणूस जिथे खरोखर उभा राहू शकेल तिथेच कॅमेरा ठेवायचा. शेताचा बांध, रस्त्यावरचा पूल, फलाटाचं टोक, समोरच्या टेकडीचा उतार. ड्रोनचा मोह आवरा.

उदाहरणाला इंग्लंडच्या सेटल–कार्लाइल मार्गावरचा रिबलहेडचा पूल घेऊ. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये हा मार्ग होता, आणि ओपन रेल्स हा मोफत सिम्युलेटर ते जुने मार्ग चालवतो. दगडी पूल, २४ कमानी, लांबी सुमारे ४०० मीटर, उंची ३२ मीटर आणि पाठीमागे वर्नसाइडचा डोंगर.

आधी सेटिंग

ओपन रेल्सच्या ऑप्शन्समध्ये व्हिडिओचं पान उघडा. ‘व्ह्यूइंग डिस्टन्स’ मुळात २००० मीटर असतं, आणि इथेच पहिली गफलत होते. वर्नसाइडचा माथा पुलापासून जवळजवळ ३ किलोमीटरवर आहे. म्हणजे मूळ सेटिंगवर पूल दिसेल, पण मागचा डोंगर काढलाच जाणार नाही. तिथे नुसतं आभाळ. हा आकडा ५००० करा. सोबत लांबच्या वस्तूही पूर्ण तपशिलात दाखवण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर लांबून पाहताना झाडं गायब होतात आणि डब्यांचं साधं, ओबडधोबड रूप दिसतं. सावल्या चालू हव्यात. अँटी-अलायझिंग (तिरप्या कडा गुळगुळीत करणारी सोय) ग्राफिक्स कार्डाला झेपेल तेवढं वर न्या. ते कमी असलं की लांबचे रूळ आणि तारा करवतीच्या दातांसारख्या दिसतात.

एवढ्यानं फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) घसरेल, कदाचित गाडी अडखळतही चालेल. चालू द्या. आपल्याला थांबलेलं चित्र हवंय. गाडी नेहमीसारखी चालवायची असेल तेव्हा आकडे परत खाली आणा.

विंडोचा आकार मॉनिटरच्या पूर्ण रिझोल्यूशनइतका ठेवा. ती चौकट हातानं आकडे टाकूनही भरता येते.

ऊन कुठून येतंय

जागा आणि ऊन ठरल्याशिवाय गाडी हलवूच नका. ‘एक्सप्लोर रूट’ प्रकारात मार्ग उघडताना ऋतू, हवामान आणि वेळ निवडता येते. सूर्याची जागा मार्गाच्या अक्षांशावरून मोजली जाते, त्यामुळे खऱ्या जगातलं ज्ञान इथे कामी येतं.

रिबलहेडला वर्नसाइड पुलाच्या वायव्येला आहे. डोंगर पार्श्वभूमीला हवा असेल तर कॅमेरा रुळांच्या पूर्वेकडे जातो, आणि पूर्वेकडची बाजू उजळते सकाळी. संध्याकाळी तोच कोन घेतलात तर कमानी काळ्याठिक्कर. वसंत ऋतू आणि सकाळी साडेसात ही वेळ निवडा: सूर्य तेव्हा क्षितिजाच्या वर साधारण १३ अंशांवर असतो. ऊन तिरपं पडतं, दगडाचा खडबडीतपणा उठून दिसतो, चाकांपर्यंत उजेड पोचतो. भर दुपारी डब्यांच्या छताची सावली खिडक्यांवर पडते आणि इंजिनाचा खालचा भाग नुसता काळा होतो.

खेळ चालू असताना = दाबलं की घड्याळ पुढे सरकतं, - दाबलं की मागे. कंट्रोलसोबत तीच दोन बटणं ढग वाढवतात-कमी करतात, शिफ्टसोबत धुकं. हलकं धुकं जरूर घाला. त्यानं डोंगर मागे सरकल्यासारखा वाटतो आणि जिथे भूभाग संपतो ती कापल्यासारखी कडा झाकली जाते. ढग मात्र जपून. ते वाढले की सावल्या जातात आणि पूल सपाट पुठ्ठ्याचा दिसू लागतो.

कॅमेरा

आधी २ दाबून गाडीच्या बाहेर या, मग ८ दाबा. मोकळा कॅमेरा तिथूनच सुरू होतो. बाणांनी डावी-उजवी, वर-खाली. पेज अप आणि पेज डाउननं पुढे-मागे. माउसचं उजवं बटण दाबून नजर फिरवा. शिफ्टनं वेग वाढतो, कंट्रोलनं कमी होतो. शेवटची जुळवाजुळव कंट्रोल दाबूनच करा.

आता लेन्स. ओपन रेल्सचा मूळ उभा दृश्यकोन (चौकटीत वरपासून खालपर्यंत मावणारा कोन) ४५ अंशांचा आहे, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या २९ मि.मी. लेन्सच्या आसपास. ३० अंश म्हणजे ४५ मि.मी., २० अंश म्हणजे साधारण ६८ मि.मी. माउसच्या चाकानं हा कोन जागच्या जागी बदलतो. कंट्रोल आणि ८ एकत्र दाबलं की पूर्ववत.

याचा फरक रिबलहेडला नीट कळतो. १६:९ च्या चौकटीत ४५ अंशांवर अख्खा पूल समोरून मावायला २७० मीटर लांब उभं राहावं लागतं. २० अंशांवर सुमारे ६४० मीटर. पूल दोन्हीकडे तेवढाच दिसतो, पण दुसऱ्या चित्रात डोंगर पुलाच्या तुलनेत दुपटीनं मोठा होतो. वाइड कोनातून काढलेल्या चित्रात वर्नसाइड म्हणजे क्षितिजावरची एक फुगवटी. तेव्हा मागे जा आणि कोन आवळा.

उंची माणसाच्या डोळ्याइतकी, पावणेदोन मीटर, हे तत्त्व म्हणून बरोबर. पण जुन्या मार्गांत जमिनीचं टेक्श्चर (तिच्यावर चिकटवलेलं चित्र) जवळून पाहिलं की चिखलासारखं पसरट दिसतं. उपाय दोन: कॅमेरा ३-४ मीटरवर घ्या (भरावावर उभं राहिल्यासारखं), किंवा झुडूप, दगडी कुंपण असं काहीतरी पुढ्यात येईल अशी जागा शोधा. ओसाड माळावर पहिलाच उपाय चालतो.

गाडी आणि तो क्षण

पुलाच्या अलीकडे एफ-२ दाबून खेळ सेव्ह करा. पहिल्या फेरीत जमणार नाहीच.

वाफेचं इंजिन असेल तर पुलावर येताना रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा) उघडा हवा. तो बंद करून घरंगळत आलात तर धुराड्यातून फारसं काही निघत नाही आणि चित्र मेलेलं दिसतं. पॉज दाबलं की गाडी आणि धूर दोन्ही गोठतात, कॅमेरा मात्र फिरतो. कोन सावकाश सुधारता येतो. जुने फोटोवाले चाकांना जोडणारा दांडा खालच्या बाजूला असतानाच शटर दाबायचे, कारण तेव्हा चाकांच्या आऱ्या मोकळ्या दिसतात. तोही क्षण पॉज दोन-चारदा दाबून सोडून पकडता येतो.

इंजिन चौकटीच्या मध्यावर नको. पुढे धावायला जागा सोडा, शेपूट मागे वळणात जाऊ द्या. इंजिनाच्या डोक्यातून खांब उगवलेला नाही ना, एवढं पाहून घ्या.

मग पडदा साफ करा: एफ-५ ची आकडेवारी, एफ-४ चा ट्रॅक मॉनिटर, एफ-६ आणि एफ-७ ची नावं, सगळं बंद. प्रिंट स्क्रीन दाबा. चित्र पीएनजी स्वरूपात ‘पिक्चर्स’मधल्या ‘ओपन रेल्स’ फोल्डरमध्ये जातं.

बटण दाबूनही काही झालं नाही तर दोष बहुधा विंडोजचा. विंडोज ११ मध्ये हे बटण स्निपिंग टूल उघडतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे ते बंद करा. वनड्राइव्हही हे बटण पळवतो. काही लॅपटॉपवर ते एफएन (Fn) बटणासोबत दाबावं लागतं.

हेच आपल्या घाटात

कर्जत–लोणावळा घाटाचे मार्ग चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी बदलाव्यात. पहिली वेळ: वसंतात सूर्यवेळेप्रमाणे (सूर्य सर्वांत वर असतो तेव्हा बारा धरून) नऊ वाजता रिबलहेडला सूर्य २४ अंशांवर असतो, तर घाटात ४२ अंशांवर. आपल्याकडे चांगलं ऊन लवकर संपतं. आठच्या आत उरका.

दुसरी खरेपणाची. घाटात चढ ३७ ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) आहे आणि वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. चढणाऱ्या एक्सप्रेसच्या चित्रात ती नसतील तर जाणकार पहिल्याच नजरेत पकडतील. कन्सिस्टमध्ये (गाडीच्या इंजिन-डब्यांच्या यादीत) शेवटी जोडून घ्या. पँटोग्राफ (इंजिनाच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) पी दाबून वर केलेला असावा, आणि दोन असतील तर चालीच्या दिशेनं मागचा. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलाचं चित्र काढताना मार्गात तारा आहेत का ते पाहून इंजिन निवडा: तिथलं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. तारा नसलेल्या मार्गावर डिझेलच शोभतं.

नंतरची डागडुजी थोडकी: क्षितिज सरळ, कडा छाटलेल्या, किंचित कॉन्ट्रास्ट. रंग भडक करू नका, जुन्या मार्गांतलं गवत आधीच पोपटी असतं. मूळ पीएनजी जपून ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर धुक्यातला डोंगर चौकोनी ठिपक्यांचा होऊन पोचतो.