भरती-ओहोटीचं मॉडेल करताय? या चुका टाळा

सोलापुरातून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास. म्हणूनच की काय, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भरती-ओहोटीचं मॉडेल आलं की तीच चूक हमखास सापडते: "चंद्र पाणी वर ओढतो."

नवी पेठेतून थर्माकोलचा गोळा आणायचा, चंद्राकडच्या बाजूला निळा फुगवटा चिकटवायचा, झालं मॉडेल. परीक्षक विचारतात, "पलीकडच्या बाजूलाही त्याच वेळी भरती असते, ती कशी?" पोरगं आईकडे बघतं, आई सरांकडे. मग ठरलेलं उत्तर येतं: "पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून." साफ चूक. त्या फिरण्याने विषुववृत्तावर कायमचा फुगवटा येतो, भरती नाही.

खरी गोष्ट ओढीची नाही, ओढीतल्या फरकाची आहे. पृथ्वीच्या केंद्रावर चंद्राची ओढ 100 धरा. जवळच्या बाजूला ती 103.4 भरते, लांबच्या बाजूला 96.8. तिन्हींतून 100 वजा करा: अधिक 3.4, शून्य, उणे 3.2. जवळचं पाणी पृथ्वीच्या पुढे सरकतं, लांबचं मागे राहतं, म्हणून फुगवटे दोन. हे तीन आकडे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉडेलला टेकवा. मोटर आणि एलईडीच्या माळा नंतर.

"मग सिद्धेश्वर तलावाला भरती का येत नाही?" हा प्रश्न येतोच, आणि तो चांगला आहे. चंद्रामुळे एक टन पाण्याचं वजन जेमतेम 0.1 ग्रॅमने हलकं होतं. एवढ्यावर पाणी उचललं जात नाही. भरतीचं काम आडवी ओढ करते, आणि तिला पाणी गोळा करायला हजारो किलोमीटरचा समुद्र लागतो. तलाव पडला काही शे मीटरचा. गंमत म्हणजे सोलापूरची जमीन मात्र दिवसातून दोनदा साधारण वीस-तीस सेंटिमीटर वरखाली होते. सगळंच सोबत हलतं, म्हणून कळत नाही.

चंद्र जवळ चिकटवू नका. पृथ्वी 15 सेमीची घेतलीत तर चंद्र टेबल टेनिसच्या चेंडूएवढा, आणि अंतर साडेचार मीटर. टेबलावर मावत नसेल तर तसं लिहून ठेवा.

सूर्याला विसरू नका. त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याला थोडा कमी.

उधाण फक्त पौर्णिमेला नसतं, अमावास्येलाही असतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती.

शेवटची चूक सहलीतली. अलिबागला कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं, तर "काल अकराला ओहोटी होती, आजही अकराला" असं धरू नका. एका भरतीपासून दुसरी 12 तास 25 मिनिटांनी, म्हणजे वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते. मुंबई-अलिबागकडे जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसातला भरती, दीड-पावणेदोनला पूर्ण ओहोटी. यात पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचं वेळापत्रक बघाच, आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, म्हणजे परतताना पाणी गुडघ्याला लागत नाही.